कुंडीवर वय चढवताना

घरच्या घरी रंगवून 'जुन्या' केलेल्या कुंड्या पाहताना बहुतेक वेळा एकच गोष्ट खटकते. पांढरट रंग सगळीकडे सारखा फिरवलेला असतो; काठाला जेवढा, तेवढाच पोटाला आणि तेवढाच बुडाशी. मातीचं भांडं असं कधी म्हातारं होत नाही. त्याच्यावर वय चढतं ते पाण्याच्या वाटेनं, हातांच्या घासण्यानं आणि सावलीच्या बाजूनं. हे एकदा ध्यानात आलं की कुठला ब्रश घ्यावा नि कुठला रंग हे प्रश्न मागे पडतात आणि 'इथे पाणी कसं मुरलं असतं?' हा प्रश्न पुढे येतो. माझ्याकडच्या जुन्या मातीच्या भांड्यांवर मी काम केलं ते याच प्रश्नाच्या आधारानं.

साठलेल्या भांड्यांत साध्या लाल कुंड्या होत्या. काहींवर पूर्वी कुणीतरी चकचकीत तैलरंग थापलेला होता. साच्यातून काढलेल्या नक्षीदार कुंड्या होत्या, आणि पाणी गार करेनासा झाला म्हणून बाजूला पडलेला एक माठ होता. माठ असा का होतो, याचं कारण या कामाशी थेट जोडलेलं आहे. माठातलं पाणी भिंतीतून पाझरतं आणि बाहेरच्या अंगावर सुकतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. पाण्यातले क्षार त्या बारीक छिद्रांत साठत गेले की पाझर मंदावतो आणि गारवाही जातो. ज्या क्षारांनी माठ निकामी केला, त्यांचीच पांढुरकी झाक त्याच्या पोटावर उमटलेली होती. मला रंगानं आणायचं होतं ते हेच.

रंगाचा डबा उघडण्याआधी मी एक खरोखर जुनी, कधीही न रंगवलेली कुंडी समोर ठेवली आणि तिरप्या उजेडात ती फिरवून फिरवून पाहिली. साधी लाल माती साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतात. एवढ्या उष्णतेला मातीचे कण एकमेकांना धरतात, पण वितळून काचेसारखे एकजीव होत नाहीत, त्यामुळे खापर सच्छिद्र राहतं. घातलेलं पाणी या छिद्रांतून बाहेरच्या अंगाला येतं आणि उडून जातं. त्यात विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि खतांचे क्षार मात्र उडू शकत नाहीत, ते तिथेच बसतात. जड पाण्याच्या घरात हे लवकर होतं.

आता हे क्षार नेमके कुठे बसले होते? कुंडीचा तळाकडचा भाग जवळजवळ सतत ओला राहतो, म्हणून तो गडद आणि थोडा हिरवट होता. ओल जिथे संपते आणि हवा लागते तिथे पाणी सर्वात जास्त उडतं, म्हणून तिथे पांढऱ्याचा वाकडातिकडा पट्टा होता. वरून विरळ, खालून दाट. दुसरा जाड थर आतल्या मातीच्या पातळीला, म्हणजे काठाच्या जरा खाली होता. मधलं पोट ढगाळ, पुसट. काठाची कड, पोटाचा सर्वात फुगीर भाग आणि बुडाची धार मात्र घासून घासून लाल उघडी पडलेली, कारण कुंडी उचलताना हात तिथे लागतो आणि सरकवताना जमीन तिथे लागते. भिंतीकडच्या सावलीच्या अंगाला शेवाळ. एके ठिकाणी दगडफुलाचे राखाडी ठिपके होते, कडेला फाटके आणि गोलसर. दगडफूल फार सावकाश वाढतं, त्याच्या बहुतेक जाती वर्षाला मिलिमीटरभर किंवा काही मिलिमीटर एवढ्याच पसरतात. म्हणून रंगवायचे असतील तर ते मोजके आणि लहान हवेत. मोठाले हिरवे ठिपके काढले की कुंडीचं वय तिच्या आकाराला शोभत नाही.

हे सगळं मी कागदावर कुंडीचा ढोबळ आकार काढून लिहून ठेवलं. प्रत्येक भांड्याची 'भिंतीकडची बाजू' कुठली, हेही खडूनं बुडावर बाण काढून आधीच ठरवलं. ही छोटी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाजू ठरली की हिरवा कुठे आणि लाल कुठे याचा निर्णय दरवेळी नव्यानं घ्यावा लागत नाही, आणि भांड्याला आपसूक पुढा आणि पाठ मिळते.

मग निवड. प्रत्येक भांडं टिचकी मारून ऐकलं. खणखणीत वाजलं तर अंग सलग आहे, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. बद्द वाजलेली भांडी रंगवायला हरकत नाही, पण त्यांत माती आणि पाणी भरू नये. ज्या कुंडीवर खरं वय आधीच सुंदर चढलेलं आहे तिला मी हात लावला नाही, आणि कुणीही लावू नये असं मला मनापासून वाटतं. खऱ्या क्षाराच्या थरावर रंगाचा थर चढवणं म्हणजे हाती असलेली गोष्ट पुसून तिची नक्कल काढणं. चाकावर घडवलेल्या भांड्यांवर कुंभाराच्या बोटांच्या आडव्या वळ्या असतात. त्या मी कुठेही बुजवल्या नाहीत, उलट पुढच्या टप्प्यावर त्यांनीच अर्धं काम केलं. साच्यातल्या कुंड्यांवर मात्र दोन भाग जुळल्याची उभी रेघ असते. ती आधी जाड पॉलिश पेपरनं घासून सपाट केली. कितीही जाड पोत चढवला तरी ती सरळ रेघ डोळ्याला सापडतेच.

साफसफाईत नवं काही नाही, फक्त घाई करायची नाही. कोरड्या काथ्यानं माती झाडली, भांडी पाण्यात भिजत ठेवली आणि ताठ ब्रशनं घासली. निघत नव्हता तिथला क्षार व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यानं सैल केला. शेवाळाचे आणि बुरशीचे कण मारायचे असतील तर ब्लीच पाण्यात एकास दहा या प्रमाणात वापरता येतं. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मी एका भांड्याला दोन्हींपैकी एकच लावलं आणि नंतर ते साध्या पाण्यात भिजवून काढलं. तैलरंगाच्या कुंड्या पाण्याखाली ओल्या ठेवून खरवडल्या. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवणं टाळावं आणि मास्क लावावा.

त्यानंतर वाळवणं. खापर वरून कोरडं दिसतं तेव्हाही आत ओल असते, आणि तीच ओल पुढे रंगाला आतून ढकलते. उन्हात उलटी घालून वाळवली, आणि भांडं हाताला गार लागायचं थांबेपर्यंत थांबले. गार लागतंय म्हणजे अजून पाणी उडतंय. कोरडी झाल्यावर प्रत्येकीच्या अंगावर जागोजागी पाण्याचा एकेक थेंब टाकून पाहिला. थेंब काही क्षणांत शोषला गेला तर जागा मोकळी आहे. तसाच उभा राहिला तर तिथे तेल, मेण किंवा जुन्या वार्निशचा अंश आहे, आणि तिथे रंग धरणार नाही. अशा जागा पुन्हा घासल्या.

इथे एक निर्णय घ्यावाच लागतो: या भांड्यात थेट माती आणि रोप राहणार आहे का? अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की त्याचा सलग पापुद्रा होतो. आतून पाणी येत राहिलं की क्षार या पापुद्र्याच्या मागे साठतात, स्फटिक वाढतात आणि रंगाचे फुगे येऊन पोपडे निघतात. उपाय तीन. आतून जलरोधक लेप किंवा डांबरी रंगाचे दोन हात द्यायचे आणि त्यात तळाच्या भोकाची कडही धरायची. किंवा रोप प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती रंगवलेल्या कुंडीत बसवायची. किंवा श्वास घेणारा रंग वापरायचा, म्हणजे चुना. जाड पोताच्या कुंड्यांसाठी मी दुसरा मार्ग घेतला आणि थेट माती भरायच्या कुंड्या चुन्यासाठी बाजूला काढल्या. डांबरी लेप मला आवडत नाही. तो काम करतो यात शंका नाही, पण मातीच्या कुंडीचा पाझरण्याचा गुण तो पूर्ण संपवतो.

पोतासाठी सर्वात प्रसिद्ध कृती म्हणजे अ‍ॅक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा कालवणं. दोन भाग रंगाला एक भाग सोडा घेतला की रंग फुगीर, भुरभुरीत होतो आणि ब्रशचे ओरखडे उठून दिसतात. हे मी एका फुटक्या खापरावर लावून पाहिलं. दिसायला सुरेखच. पण सोडा पाण्यात विरघळतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ९६ ग्रॅम. बाहेर पावसात किंवा रोज पाणी पडेल अशा जागी रंगातला सोडा हळूहळू धुऊन जातो आणि मागे पोकळ, ठिसूळ थर राहतो. म्हणून सोडा घरातल्या शोभेच्या भांड्यांपुरता ठीक. प्लास्टर ऑफ पॅरिसही घालतात. ते पाणी घेऊन पुन्हा जिप्सम बनतं आणि घट्ट होतं, पण वाटीतल्या वाटीतच पंधरा-वीस मिनिटांत आवळतं. सावकाश, विचार करत काम करणाऱ्याला ही घाई परवडत नाही. उरलेलं मिश्रण मोरीत ओतलं तर ते तिथेही आवळतं, हे वेगळंच.

मला सर्वात पटली ती खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रंगात निवांत राहते, आणि खऱ्या कुंडीवरच्या पांढऱ्या थरातही बरंचसं तेच असतं. फळ्यावर लिहायचे खडू कुटून घेऊ नयेत, ते अनेकदा जिप्समचे असतात. खात्री करायची असेल तर पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर कार्बोनेट. तीन भाग रंगाला एक भाग वस्त्रगाळ पूड हे प्रमाण बारीक पोताला पुरतं. खरखरीत हवं तिथे मी चाळलेली, धुऊन वाळवलेली बारीक वाळू मिसळली. पूड आणि वाळू दोन्ही कालवताना नाकातोंडावर मास्क होता, कारण ही धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

रंगांची निवड करताना काळा आणि शुभ्र पांढरा हे दोन्ही सरळ डब्यातून वापरायचे नाहीत असं ठरवलं होतं. जुन्या मातीवर शुद्ध काळं काही नसतं. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि अल्ट्रामरीन, म्हणजे गर्द निळा, मिसळला की एक जिवंत राखाडी मिळतो. निळा जरा वाढवला तर तो थंड होतो, अंबर वाढवला तर मातकट. शेवाळी हिरव्यासाठी हिरव्या रंगाची बाटली उघडलीच नाही. पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, घेऊन तिच्यात काजळीचा किंचित अंश घातला की पिवळा हिरव्याकडे झुकतो आणि अगदी वाळत आलेल्या शेवाळाचा रंग येतो. उघड्या पडलेल्या खापरासाठी गेरू. गेरूचा लाल आणि भाजलेल्या मातीचा लाल दोन्ही लोहाच्या ऑक्साइडचेच, त्यामुळे गेरू खापरावर परका वाटत नाही. पांढऱ्यात नेहमी थोडी पिवडी आणि चिमूटभर अंबर.

पहिला हात पोताचा. ब्रश उभा धरला तर रंग ओघळू नये इतकं मिश्रण दाट ठेवलं आणि जुना, केस ताठ झालेला ब्रश घेऊन ते भांड्यावर फिरवण्याऐवजी टोचत गेले. पट्टा ठरलेला होता तिथे जाड, पोटावर विरळ, आणि घासलेल्या जागांवर काहीच नाही. खापर तिथे खरंच उघडं ठेवलं. वरून लाल रंगवून झीज दाखवण्यापेक्षा मुळात तिथे काही लावलंच नाही तर ते फार खरं दिसतं. थर अर्धवट सुकत आला की पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं त्याच्या कडा पुसत गेले. पोताची कड कुठेही कापल्यासारखी संपता कामा नये, ती खापरात विरत गेली पाहिजे. काठाखालच्या पट्ट्यात ओल्या थरावर चिमटीतून वाळू सोडली आणि वाळल्यावर सैल कण हातानं झाडले. राहिलेले कण इतके अनियमित होते की ते ब्रशनं काढणं शक्यच नव्हतं.

पोत पूर्ण वाळू दिला आणि मग पातळ रंगाचे हात सुरू केले. अंबर आणि निळ्याचा राखाडी भरपूर पाण्यात विरघळवून तळाकडून वर लावला आणि लगेच फडक्यानं टिपला. उंचवट्यांवरचा रंग फडक्याला आला, खाचांत आणि कुंभाराच्या वळ्यांत तो थांबला. एका हातात खोली येत नाही. प्रत्येक हात वाळवून पुढचा दिला, आणि दर वेळी रंग आधीपेक्षा पातळ ठेवला. या टप्प्यात मला सर्वाधिक आनंद मिळाला तो पाण्याला मोकळं सोडण्यात. हात अर्धा ओला असताना काठाजवळ पाण्याची फवारणी केली, तिचे थेंब एकत्र येऊन खाली ओघळले, आपल्याबरोबर रंग घेऊन गेले आणि मागे फिकट वाटा सोडल्या. ओघळ कुठे वळायचा, पोताच्या उंचवट्याला कुठे अडायचा हे त्याचं तो ठरवतो. फक्त भांडं जसं ठेवलं जाणार तसंच उभं असलं पाहिजे. आडवं धरून केलेले ओघळ उभं केल्यावर आडवे धावतात आणि पाहणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी चुकल्याचं जाणवतं.

शेवाळाचा हात फक्त भिंतीकडच्या बाजूला आणि तळच्या पट्ट्यात दिला. स्पंजचा फाडलेला तुकडा घेतला, कारण कापलेल्या स्पंजाच्या सरळ कडा उमटतात. दगडफुलाचे ठिपके एका जुन्या ब्रशचे केस वेडेवाकडे कापून त्यानं उठवले: आधी राखाडी हिरवा गोल, मग मध्यभागी ओल्या बोटानं पुसून तो पोकळ केला. दगडफूल मधून बाहेर वाढतं आणि म्हातारं होतं तसं मध्यभागी विरत जातं.

शेवटी कोरडा ब्रश. ब्रशला पिवळसर पांढरा रंग लावून तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून काढायचा आणि मग भांड्यावरून हलकेच फिरवायचा. उरलेला रंग फक्त उंचवट्यांना लागतो. वळ्यांवर, वाळूच्या कणांवर, टोचलेल्या पोताच्या टोकांवर तो लागला आणि सगळा पृष्ठभाग एकदम उठून आला. इथे हात आवरणं फार गरजेचं असतं. या टप्प्याला प्रत्येक फटकाऱ्यानं भांडं अधिक चांगलं दिसतंय असं वाटत राहतं, आणि तशातच तो पांढरा सगळीकडे सारखा होऊन जातो. मी प्रत्येक भांडं चार पावलं मागे जाऊन पाहिलं. लांबून पट्टे वाचता आले की ब्रश खाली.

तैलरंगाच्या कुंड्यांचं वय वेगळं असतं. तिथे क्षार रंगाच्या मागे साठून पोपडे पडतात, म्हणून पोपडेच दाखवायचे. खरवडलेल्या खापरावर काही जागी मेणबत्ती घासली, वरून फिकट रंगाचा सलग हात दिला आणि वाळल्यावर बोथट पट्टीनं खरडलं. मेण होतं तिथला रंग फाटक्या कडांनी सुटून आला आणि खालची लाल माती दिसली. पुष्कळजण पांढऱ्या डिंकावर रंग लावून तडे पाडतात. डिंक चिकट असतानाच वर रंग दिला की वरचा थर आधी सुकून आकसतो आणि फाटतो. युक्ती छान आहे, लाकडी फळीला शोभतेही. पण उघड्या मातीच्या अंगावर असे जाळीदार तडे पडत नाहीत, म्हणून कुंड्यांवर मी ती वापरली नाही.

वार्निशबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चांगलं झालेलं काम बदलून जातं. खडूच्या पुडीचा थर कोरडा असताना पांढरा दिसतो तो कणांमधल्या हवेमुळे. अपवर्तनांक म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप; खडूचा तो साधारण १.६ आणि हवेचा १. या फरकामुळे प्रकाश प्रत्येक कणावर विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. वार्निश मुरलं की हवेची जागा ते घेतं, आणि त्याचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणजे खडूच्या फार जवळ. प्रकाश विखुरायचा थांबतो आणि पांढरं जवळजवळ पारदर्शक होऊन खालची लाल माती वर येते. ओल्या फळ्यावरचं खडूचं लिखाण दिसेनासं होतं ते याच कारणानं. खापरावरच्या चाचणीत हे आधीच दिसलं होतं, म्हणून मुख्य पट्ट्यांच्या मिश्रणात टिटॅनियम पांढरा घातला. टिटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.५ च्या वर असतो, वार्निशमध्ये बुडूनही तो पांढराच राहतो. पोत खडूनं द्यायचा आणि पांढरेपणा टिटॅनियमनं, अशी वाटणी केली की वार्निशनंतर हळहळ वाटत नाही.

वार्निश पूर्ण मॅट हवं. त्यातला मॅटपणा तळाशी बसणाऱ्या बारीक सिलिकेच्या कणांमुळे येतो, म्हणून डबा नीट ढवळावा लागतो, नाहीतर वरचा भाग चमकतो आणि तळाशी उरलेला दुधाळ होतो. क्षार कधी चमकत नाहीत, त्यामुळे जरा जरी चकाकी आली की सगळा डोलारा उघडा पडतो. उघड्या ठेवलेल्या लाल जागांवर मी वार्निश लावलं नाही. घरात राहणाऱ्या भांड्यांना तर ते लावलंच नाही. कोरड्या खडूच्या पृष्ठभागाला जो मऊ, भुरका उजेड असतो तो कुठल्याही वार्निशखाली टिकत नाही.

चुन्याच्या कुंड्या माझ्या सर्वात आवडत्या ठरल्या. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. खापरावर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दगड, बनतो. हे काम आठवडे चालतं. त्याचा पापुद्रा होत नाही, तो खापराच्या छिद्रांत जाऊन बसतो, म्हणून आतलं पाणी बाहेर यायला मोकळं राहतं. चुना जहाल अल्कली असतो, त्याचा सामू (pH) १२ च्या वर जातो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय तो हाताळू नये, आणि डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्यानं धूत राहून डॉक्टरकडे जावं.

इथला पहिला नियम अ‍ॅक्रिलिकच्या अगदी उलट: भांडं ओलं हवं. कोरडं खापर चुन्यातलं पाणी क्षणात ओढून घेतं, चुना नुसती पूड होऊन वर बसतो आणि हाताला लागतो. कुंडी भिजवली, वरचं पाणी निथळू दिलं आणि पाण्याहून जेमतेम दाट चुना ताठ ब्रशनं घासून लावला. लावताना तो जवळजवळ दिसतच नाही. पाणी उडत जातं तसा पांढरा उगवत येतो. त्यामुळे ओला हात पाहून अंदाज बांधायचा नसतो. सावलीत सुकू दिला, पुढच्या हाताआधी पाण्याची फवारणी केली, आणि पट्ट्यांवर जास्त हात दिले. रंग हवा तिथे चुन्यातच गेरू, पिवडी किंवा काजळी आधी पाण्यात कालवून मिसळली, चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून कमीच. मातीचे रंग चुन्यात टिकतात. सगळेच टिकत नाहीत; प्रशियन निळा चुन्याच्या जहालपणात नासतो. सुकायला लागल्यावर घासल्या जाणाऱ्या जागा ओल्या काथ्यानं खापरापर्यंत उघड्या केल्या. चुन्यावर वार्निश लावायचं नाही, लावलं तर तो निवडण्याचं कारणच संपतं.

माठावर मी चुनाच वापरला, फक्त खांद्यावरून खाली येणाऱ्या ओघळांत आणि बैठकीच्या वरच्या वर्तुळात. मुळातली पुसट झाक तशीच ठेवून तिला थोडा जोर दिला. रंगवलेल्या भांड्यात पिण्याचं पाणी पुन्हा भरायचं नाही हे सांगायला नकोच.

अ‍ॅक्रिलिकचा थर तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तोवर त्या कुंड्या एकमेकींत रचल्या नाहीत आणि पाण्याजवळ नेल्या नाहीत. चुन्याच्या कुंड्यांना त्याच काळात अधूनमधून पाण्याची हलकी फवारणी दिली, कारण अगदी कोरड्या हवेत चुना नीट पकडत नाही. रोप लावण्याआधी त्या आतून धुतल्या. आत सांडलेला चुना मातीचा सामू वाढवतो, आणि आम्लधर्मी माती मागणाऱ्या अझेलियासारख्या रोपांना तो मानवत नाही. अशी रोपं मी या कुंड्यांत लावलीच नाहीत. पुढे चुना कुठे उडाला तर तेवढी जागा भिजवून पुन्हा एक हात द्यायचा, आणि या कुंड्या पुसताना व्हिनेगर वापरायचं नाही, कारण ते कार्बोनेट विरघळवतं. खऱ्या क्षारांनी मधूनच वाट काढून आपला पट्टा उमटवला, तर तो पुसायचा नाही.